भरू दे

माझं काम सोपं आहे. नळी लावायची,
आकडे फिरताना बघायचे,
खट् झालं की थांबायचं.
एकोणीस वर्षांत या गावातल्या
एकूण एक गाडीचं पोट मला कळलंय.
झेली नेहमी वीस डॉलरचंच भरते,
जणू त्याहून जास्त भरलं
तर तिला कुठेतरी जावंच लागेल.

पंपाच्या मागच्या दारी फंडीचा उपसागर.
दिवसातून दोनदा भरतो, दोनदा रिता होतो,
इतका, की धक्क्याच्या बोटी चिखलात बसून राहतात
आणि सहा तासांनी त्याच बोटी
रस्त्याच्या उंचीला येऊन
माझ्या दुकानात डोकावतात.
त्याचं बिल कोणी करत नाही.

पहाटे पाचला लॉब्स्टरवाले.
डिझेल, थर्मासभर कॉफी,
आणि खारवलेल्या हेरिंगनं ठासून भरलेल्या
आमिषाच्या जाळीदार पिशव्या.
तो वास माझ्या कोटात असा भरलाय
की रविवारी चर्चमध्ये
माझ्या शेजारचं बाक रिकामं राहतं.

दुपारी दोघी कोमो बहिणी येतात
लॉटरीचे आकडे भरायला,
आणि माझे कान.
थोरलीची दाढ भरायची राहिलीय तीन वर्षं,
म्हणून ती सगळ्या बातम्या
एकाच बाजूनं चावते.

ओनेझिम रस्त्याचे खड्डे भरतो.
फावडंभर डांबर, वरून बुटाची टाच.
हिवाळा ते उखडतो, एप्रिलमध्ये हा पुन्हा हजर.
"नवा खड्डा मी वर्षानुवर्षं पाहिला नाही," म्हणतो,
"सगळे जुने ओळखीचे."
त्याची बायको डेल्फीन रात्री तरटावर लोकर भरते,
जुन्या स्वेटरांच्या पट्ट्या कापून,
आकडीनं, एकेका भोकातून.
घर झालं, कुंपण झालं, गाय झाली
(गाय जरा घोड्यासारखी झालीय).
आभाळ तेवढं राहिलंय.
निळा स्वेटर कोणी टाकूनच देत नाही, म्हणते.

माझ्याकडे आहे एक.
मी बोलत नाही.

रेमी पश्चिमेला गेला, अल्बर्टात, तेलाच्या कामावर.
तो तिथे जमिनीतून उपसतो,
मी इथे टाक्यांत भरते.
मधल्या चार-पाच हजार किलोमीटरांत
कुठेतरी ते एकच तेल असेल, असं मी धरून चालते.
जनगणनेचा फॉर्म आला होता:
घरात राहणाऱ्यांची संख्या.
पेन झटकलं, शाई होती त्यात.
फॉर्म अजून ब्रेडच्या डब्याखाली आहे.

मग मे महिन्यातली ती सकाळ.
इलॉयची लाकडी होडी उताराशी,
काठोकाठ पाण्यानं भरलेली,
वल्ही आत तरंगतायत,
आणि म्हातारा दगडावर बसून सफरचंद सोलतोय.
मी बादली घेऊन धावले. बुडतेय, म्हटलं, बुडतेय!
त्यानं सालाची लांब पट्टी
तुटू न देता पूर्ण केली, मग वर बघितलं.
"हिवाळाभर कोरड्यात पडून फळ्या आक्रसल्यात.
फटींत कापूस ठासला, वरून लांबी भरली.
तरी शेवटची बारीक फट
माणसाच्या हातानं बुजत नाही, पोरी.
ती पाणी पिऊन लाकूडच बुजवतं.
दोन दिवस भरू दे."

बादली घेऊन परत आले.
रिकामी बादली भरलेलीपेक्षा
जास्त आवाज करते,
सगळ्या धक्क्यानं बघितलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं पाणी उपसलं.
होडी निघाली. मी बघायला गेले नाही,
पंपावर रांग होती.

रांगेत शेवटी झेली.
मागच्या सीटवर बॅग, एक कुंडी, हिवाळी बूट.
"आज पूर्ण भर," म्हणाली.
वीस गेले. तीस गेले. आम्ही दोघी
आकड्यांकडेच बघत होतो.
खट्.

कुठे, ते मी विचारलं नाही.
तिची पुढची काच मात्र पुसली,
दोनदा,
कोपऱ्यांसकट.